तोळाभर

आणलं तेव्हा पिल्लू बुटाच्या नाडीएवढं होतं,
केशरी, मधे मधे विटकरी ठिपके.
स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर
अकरा ग्रॅम. तोळाही धड भरेना.
काटा एलिनेडचा. केकचं पीठ मोजायची त्यावर.
तिच्यामागे तो कुणी वापरला नव्हता.

घर मात्र मी राजाचं बांधलं.
चाळीस वर्षं ब्लायनायच्या खाणीत पाटीचा दगड चिरला,
छिन्नी कुठे टेकवली की थर पानासारखा सुटतो
हे बोटांना अजून ठाऊक आहे.
चार फूट लांब पेटी, पुढे काच,
आत पाटीच्या पायऱ्या, पाटीचा पूल,
एका टोकाला दिवा, तिथे एकोणतीस अंश,
दुसऱ्या टोकाला बावीस.
शेजारचा इडवाल वाकून बघत म्हणाला,
"एम्रिस, भाड्याने देतोस का?"

पिल्लू आत शिरलं आणि नाहीसं झालं.

पहिल्या आठवड्यात खाल्लं नाही.
दुसऱ्यातही नाही.
फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीमागे
उंदरांची गुलाबी पिल्लं,
डोळे न उघडलेली, भुईमुगाच्या शेंगेएवढी.
एक काढायचं, पिशवीत गुंडाळून
कोमट पाण्याच्या मगात सोडायचं,
मग चिमट्यात धरून काचेआड हलवायचं
जणू ते जिवंत आहे,
जणू मला कुणी बघत नाहीये.
तासाभराने तेच मागच्या भिंतीपाशी पुरायचं.
तिसऱ्यांदा पुरताना मी टोपी काढली.
का, ते विचारू नका.

कार्डिफहून नॉनचा फोन. "बाबा, कुत्रा का नाही आणलास?"
म्हटलं, हे भुंकत नाही, फिरायला नेऊ म्हणत नाही,
आणि वीस वर्षं जगतं म्हणे.
मी एकाहत्तरचा.
तिने पलीकडे हिशेब केला. बोलली काही नाही.

शेवटी रेक्समला त्या दुकानात गेलो.
टेगवेन नावाची बाई, कोपरापर्यंत गोंदलेली,
खांद्यावरचा अजगर मफलरसारखा सारखा करत
तिने विचारलं, "पेटी केवढी?"
मी अभिमानाने सांगितलं.
ती हसली नाही, हे तिचे उपकार.
"रिकाम्या फुटबॉलच्या मैदानात, मधोमध,
एकट्याला ताट वाढलं तर जेवाल?
एवढ्याशा जिवाच्या अंगाला भिंत लागली पाहिजे.
सगळीकडून."

अंथरूण पाहून पाय पसरावेत.
याला पायच नाहीत, तरी याला कळलं होतं.

मग बुटाच्या खोक्याएवढा प्लॅस्टिकचा डबा.
तापल्या सुईने पाडलेली भोकं, खाली कागद,
पाण्याची वाटी, लपायला दोन अरुंद बोळकांड्या,
एक उबदार बाजूला, एक गार.
झाकणाला दोन क्लिपा, कारण नाडी कुठूनही निसटते.
उंदराचं पिल्लू आत ठेवलं, वर टॉवेल टाकला,
दिवा मालवला
आणि अंधारात खुर्चीवर बसून राहिलो.
छपरावर पाऊस. आमच्याकडे तो नसतो कधी?
डब्यातून काही ऐकू येतंय का म्हणून कान लावला.
आपण कान लावावा, त्याला तर कानही नाहीत.

पहाटे टॉवेल उचलला.
कागद रिकामा.
बोळकांडीतून केशरी नाडी अर्धी बाहेर,
आणि मधोमध गाठ,
घट्ट, नीट मारलेली,
शाळेत जाणाऱ्या पोराच्या बुटाला आई मारते तशी.

हात लावायचा नाही, दोन दिवस.
सांगायचं तरी कुणाला, पावणेपाच वाजले होते.
इडवालच्या दारावर थापा मारल्या.
तो पायजम्यात, घाबरलेला. "काय, कोण गेलं?"
"खाल्लं," म्हटलं.
तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला,
मग म्हणाला, आत ये, चहा टाकतो.

त्याच आठवड्यात मी पलंग खाली आणला,
शेगडीच्या खोलीत, भिंतीला लावून.
वरच्या तीन खोल्यांची दारं ओढून घेतली.
नॉनला सांगितलं, गुडघे दुखतात.
मोठी पेटी तशीच आहे. वाट बघू दे.
रात्री तिचा दिवा बंद करतो
तेव्हा पाटीवर तळवा ठेवतो एकदा.
दगड ऊब लगेच सोडत नाही.

आज पुन्हा काट्यावर ठेवलं.
आकडा थरथरत होता, की माझा हात.
बारा.